बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार: ईएसआयसीच्या मातृत्व लाभाविषयी वाळूजमधील एका कामगार आईचे मत

कारखान्यात काम करणाऱ्या बाईला तिच्या पगारातून होणाऱ्या कपातीच्या बदल्यात जे काही मिळते, त्यात ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, मातृत्व लाभ हा सर्वांत मोठा आहे, असे माझे मत झाले आहे. तो आपोआप मात्र मिळत नाही. बाळंतपणाच्या आधी कागद जुळवून ठेवले तर तो बिनबोभाट हाती पडतो, आणि ते काम बाळंतपणानंतर करायचे म्हटले तर ओल्या बाळंतिणीची आणि तिच्या घरच्यांची फार ओढाताण होते. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. आधी ठेकेदाराकडे होते, नंतर कारखान्याच्या पटावर आले. गेल्या ऑगस्टमध्ये माझे पहिले बाळंतपण झाले. त्या निमित्ताने या सेवेचा जो अनुभव आला, तो इथे सविस्तर मांडत आहे, कारण आमच्या पाळीतल्या बऱ्याच जणींना ‘मॅटर्निटीचे पैसे मिळतात’ एवढेच ठाऊक असते.

आधी हिशेब पाहू. ज्या कामगाराचा मासिक पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्याच्या पगाराच्या 0.75 टक्के रक्कम कामगाराकडून आणि 3.25 टक्के रक्कम मालकाकडून ईएसआयसीकडे जाते. पगार 16,000 असेल तर आपले 120 रुपये कापले जातात आणि कारखाना 520 रुपये भरतो. या वर्गणीवर उपचार मिळतातच. त्याखेरीज बाळंतपणासाठी 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस, सरासरी रोजच्या पूर्ण पगाराइतकी रक्कम मिळते. रोजची सरासरी 500 रुपये धरली तर ही रक्कम 91,000 रुपये होते. 2017 पूर्वी हीच मुदत 12 आठवड्यांची होती. 26 आठवड्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात आणि उरलेले नंतर. मी तब्येत साथ देत होती तोवर काम केले, म्हणजे मोठा भाग बाळासाठी उरला; पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभे राहून काम करणाऱ्या बाईने माझे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. पत्रे तापले की आत काय होते, हे एप्रिल-मे महिन्यांत वाळूजला काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. ईएसआयसीमध्ये आजारपणाचा लाभ वेगळा आहे आणि मातृत्वाचा वेगळा. आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते आणि तीही वर्षाला 91 दिवसांपर्यंतच. बाळंतपणात पूर्ण रक्कम मिळते. ‘डॉक्टरांचे सर्टिफिकेट द्या, सिकमध्ये टाकून देतो’ असे कार्यालयातला कारकून सद्भावनेनेही म्हणू शकतो. ते ऐकू नये. गरोदरपणाचा आणि प्रसूतीचा दाखला स्वतंत्र नमुन्यावर असतो आणि दावाही मातृत्वाच्याच नावाने करावा लागतो. प्रसूतीमुळे किंवा गरोदरपणामुळे आजारपण आले तर वैद्यकीय सल्ल्याने आणखी एक महिन्यापर्यंत लाभ वाढतो, आणि गर्भपात झाल्यास 6 आठवड्यांचा लाभ आहे. हे शेवटचे फार थोड्या जणींना माहीत असते. ज्यांच्यावर तो प्रसंग येतो, त्या दोन दिवसांत मुकाट्याने कामावर परत आलेल्या मी पाहिल्या आहेत.

हक्क लागू होण्याची अट सत्तर दिवसांची आहे. ईएसआयसीचे वर्ष दोन वर्गणी-काळांत विभागलेले असते: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. बाळंतपणाच्या लगत आधीच्या सलग दोन वर्गणी-काळांत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी देय असली पाहिजे. ऑगस्टमधल्या बाळंतपणासाठी आदल्या वर्षीचा एप्रिल-सप्टेंबर आणि त्यापुढचा ऑक्टोबर-मार्च हे काळ पाहिले जातात. दिवस पाहता अट सोपी आहे. नियमित कामावर असलेल्या बाईचे सत्तर दिवस तीन महिन्यांत भरतात. खरी अडचण वेगळीच असते आणि ती वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम केलेल्या बाईला येऊ शकते.

मी शाखा कार्यालयात पाचव्या महिन्यातच चौकशीला गेले होते. तिथल्या कर्मचाऱ्याने माझा विमा क्रमांक संगणकावर टाकला, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, “ताई, यात तुमचे सत्तर दिवस दिसत नाहीत.” वर्गणी दर महिन्याला कापल्याचे पगारपत्रकावर होते. मग त्यानेच आधार क्रमांकावरून शोध घेतला, तेव्हा माझ्या नावावर दोन विमा क्रमांक निघाले. कारखान्यातला ठेकेदार मध्येच बदलला होता, आणि नव्या ठेकेदाराने माझा जुना क्रमांक न विचारता नवी नोंदणी करून टाकली होती. काम तेच, यंत्र तेच, फक्त पगार देणारा बदललेला. त्यामुळे दिवस दोन खात्यांत विभागले गेले होते. नियमाप्रमाणे विमा क्रमांक एकदाच मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालतो. दोन्ही क्रमांक जोडण्यासाठी मी अर्ज, दोन्ही ठेकेदारांची पगारपत्रके आणि आधारची प्रत दिली. काम झाले, पण त्याला वेळ लागला, आणि तो वेळ माझ्याकडे होता याचे कारण एवढेच की बाळंतपण अजून दूर होते. हीच गोष्ट कडेवर तान्हे बाळ घेऊन करावी लागली असती तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो. त्या कर्मचाऱ्याने दाखवलेली तत्परता मला मुद्दाम नोंदवावीशी वाटते. क्रमांक चुकला म्हणून त्याने मला परत पाठवले असते तर मी बहुधा हक्क नाही असे समजून गप्प बसले असते.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावातला वडिलांचा शब्द जाऊन तिथे नवऱ्याचे नाव येते आणि आडनावही बदलते. माझी ईएसआयसीतली नोंद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँकेचे खाते पुन्हा माहेरच्या नावाने होते. रुग्णालय प्रसूतीची नोंद आधार पाहून करते, म्हणजे बाळाच्या जन्म दाखल्यावर आईचे नाव सासरचे येते. दावा करणारी, प्रसूत झालेली आणि खातेदार या तिन्ही बाया एकच आहेत हे कागदावर सिद्ध होईपर्यंत रक्कम अडते. विवाह नोंदणीचा दाखला इथे सर्वांत उपयोगी पडला. ज्यांनी लग्नाची नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत आधी करून घ्यावी, आणि ईएसआयसीतल्या नावाची दुरुस्ती मालकामार्फत वेळेत करून घ्यावी.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत आणि ईएसआयसीची रचना यांचा मेळ मात्र फारसा बसत नाही. प्रत्येक कामगाराला एक दवाखाना ठरवून दिलेला असतो आणि तपासण्या, दाखले हे सारे त्या दवाखान्याभोवती फिरते. माझा दवाखाना इकडे आणि माहेर अंबाजोगाईकडे, एसटीने पाच-सहा तासांच्या वाटेवर. सातव्या महिन्यात ओटीभरण झाल्यावर मी माहेरी गेले आणि प्रसूती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाली. माहेरी जाण्यापूर्वी मी ठरलेल्या दवाखान्यातून गरोदरपणाचा आणि अपेक्षित तारखेचा दाखला घेऊन ठेवला होता. पुढचे सारे त्या एका कागदामुळे सोपे गेले. प्रसूतीनंतर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि जन्म दाखला माझ्या नवऱ्याने नेऊन दिला, आणि त्यावर दावा पुढे सरकला. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी आणि ती बाळाच्या नावाशिवायही होते, नाव मागाहून घालता येते. बारशाला उशीर झाला म्हणून जन्म दाखला आणि त्यापायी दावा थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये असे घरातल्या मोठ्या माणसांचे म्हणणे असते आणि शरीराची गरज पाहता त्यात तथ्य आहे. दावा ऑनलाइन करण्याची सोय झाल्यामुळे हा काळ आता सुसह्य झाला आहे. आईने खोलीत शेगडी ठेवलेली, बाळ नुकतेच निजलेले, आणि मी अंगावर शाल घेऊन मोबाइलवर बँक खात्याचा क्रमांक पुन्हा पुन्हा ताडून पाहते आहे, असा तो दावा मी भरला. सोय चांगली आहे, पण अर्जातली भाषा आठवी-दहावी शिकलेल्या कामगार बाईची नाही. प्रत्येक रकान्यापाशी साध्या मराठीत एक ओळ असती तर अनेक जणींना सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजावे लागले नसते.

रक्कम थेट बँक खात्यात आली, टप्प्याटप्प्याने आली आणि हिशेबाप्रमाणे पूर्ण आली. मध्ये एकदा खंड पडला, कारण ज्या दिवसांचा लाभ घेतला त्या दिवसांत मी कामावर नव्हते, याची खात्री कारखान्याकडून व्हायची होती आणि तो कागद मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर पडून होता. नवऱ्याने तिथे दोनदा-तीनदा जाऊन विचारल्यावर तो हलला. रजेवर जाण्यापूर्वी ही जबाबदारी तिथे कोणाकडे आहे, हे नावानिशी विचारून ठेवावे.

कारखान्यांच्या बाजूने एक गैरसमज आढळतो, तोही दूर व्हायला हवा. बाई गरोदर आहे म्हटल्यावर सहा महिन्यांचा पगार आपल्याला द्यावा लागणार, असे काही सुपरवायझर समजतात आणि ‘राजीनामा दे, नंतर परत घेऊ’ असे सुचवतात. ईएसआयसीत असलेल्या बाईचा लाभ ईएसआयसी देते, कारखान्याच्या तिजोरीतून काही जात नाही. आणि लाभ सुरू असताना तिला कामावरून काढता येत नाही. राजीनामा देणारी बाई नोकरीचे हे संरक्षण स्वतःहून सोडून देत असते. याउलट, पगार 21,000 च्या वर गेला की ती या छत्राबाहेर पडते आणि तिच्या 26 आठवड्यांचा संपूर्ण भार मालकावर येतो. ही मर्यादा 2017 पासूनची आहे. तेव्हापासून महागाई आणि किमान वेतन दोन्ही कितीतरी वाढले, त्यामुळे पगारवाढ मिळालेल्या अनुभवी बायाच नेमक्या मालकांना नकोशा होतात. ही मर्यादा वाढवावी असे मला मनापासून वाटते. दोन जिवंत अपत्ये असलेल्या आईला 26 ऐवजी 12 आठवडेच मिळतात, हेही मला पटत नाही; तिसऱ्या बाळंतपणात शरीराची झीज कमी होते असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. वडिलांसाठी तर काहीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, पण माझ्या नवऱ्याने जे काही दिवस घेतले ते सारे बिनपगारी होते.

शेवटी ठेकेदारी कामगारांविषयी. आमच्या विभागात ठेकेदाराकडे असलेल्या एका मैत्रिणीची तारीख डिसेंबरची आहे. तिच्या पगारातून वर्गणी कापली जाते, पण उमंग या सरकारी मोबाइल ॲपवर, जिथे ईएसआयसीची नोंद पाहता येते, तिच्या नावापुढे काही महिने कोरे आहेत. अशा वेळी बाईने हक्क गेला असे समजू नये. कायद्यात ‘देय’ वर्गणीचा विचार आहे. मालकाने ती भरली नाही म्हणून बाईचा लाभ बुडत असेल तर ईएसआयसी तो तिला देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, आणि ठेकेदाराने न भरलेल्या वर्गणीची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. तिने पगारपत्रके, हजेरी कार्डाचे फोटो आणि बँकेतली पगाराची नोंद जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे आणि पोचेवर शिक्का घेतला आहे. कारखान्याच्या व्यवस्थापनालाही तिने त्या तक्रारीची प्रत दिली, त्यानंतर कोऱ्या महिन्यांपैकी दोन भरले गेले आहेत. उरलेले महिने भरले जाईपर्यंत आम्ही दोघी दर आठवड्याला नोंद तपासत आहोत.