सौर किटच्या नावाखाली वाळू विकत घेतली: माझे 27,380 रुपये

आधी हिशोब. 15,000 किटचे, 1,180 ‘वॉरंटी नोंदणी’चे, आणि 11,200 चा चांगला चालता कॅमेरा जळाला तो वेगळा. बेरीज 27,380. आणि मी 31 वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलंय. आता हसा.

लाजेपोटी महिनाभर गप्प होते. मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं, कॅमेरा त्यानेच दिला होता. पण परवा भिशीत एकीने मोबाइलवर किट विकणाऱ्या त्याच माणसाची जाहिरात दाखवली आणि म्हणाली, “अगं, मराठी माणूस आहे, बरा दिसतोय.” म्हणून लिहायला बसले.

आमचं थोडं शेत खंडवा रोडवर, सिमरोलच्या पुढे चोरलच्या बाजूला आहे. आम्ही राहतो इंदूरला, शेत बघतो बटाईदार, म्हणजे वाट्याने कसणारा. तिथे रोजडे (नीलगायी) येतात, रानडुकरं येतात, साळिंदर तर बटाट्यांवर हक्कानेच येतं. मागच्या वर्षी विहिरीजवळ बिबट्याचे पंजे दिसले, तेव्हा मुलाने तो जंगली कॅमेरा दिला. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा. कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला आठ पेन्सिल सेल लागतात. ऊन चढलं की तापलेलं गवत हललं तरी तो जागा होतो, आणि रात्री व्हिडिओ घेताना इन्फ्रारेड दिवे सेल पिऊन टाकतात. तीन आठवड्यांत सेल संपले. दर खेपेला तीनशे-साडेतीनशेचे सेल, वर जाण्यायेण्याचं पेट्रोल. यांचं म्हणणं पडलं, सोलर लावून टाकू. इतकंच.

तो माणूस एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. 20 वॉटचं पॅनल, 12 व्होल्टची 20,000 एमएएच लिथियम बॅटरी, चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज आवरून बॅटरीला देणारी डबी), पाणी न शिरणारा डबा, सगळं 7,850 ला. दोन घेतले तर 15,700 चे 15,000. मी हिंदीत बोलायला लागले तर तो म्हणतो, “ताई, मराठीत बोला की, माझं आजोळ रामबागेतलं.” झालं. इंदूरच्या मराठी माणसाला आणखी काय लागतं? दहा मिनिटं आम्ही गणपतीतल्या व्याख्यानमाला आणि जुने वाडे यांवर बोलत होतो. किटबद्दल दोन मिनिटं बोललो असू. 5,000 आगाऊ, माल आल्यावर 10,000. माल आला ना? आला. म्हणजे मी काही आंधळेपणाने सगळे पैसे आधी पाठवले नव्हते, एवढं तरी कबूल करा.

वॉरंटी नोंदणीचे 1,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी त्याने नंतर मागितले. बिलही पाठवलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, मध्य प्रदेशचा 23. त्याच्या बिलावर 07 होतं, म्हणजे दिल्ली. आणि दुकान म्हणे इंदूरच्या महाराणी रोडला! हे मी बिल हातात आल्यावर बघायला हवं होतं. बघितलं पंधरा दिवसांनी. तुम्ही पैसे देण्याआधी बघा, आणि तो नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाका, कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं.

पण माझ्या काळजाला डाचतं ते वेगळंच. खोकं उघडलं तेव्हा नातू शेजारी गृहपाठ करत होता. मी पॅनल त्याच्या लांब वहीवर ठेवलं. वही बरोबर झाकली गेली. मी स्वतःच्या तोंडाने म्हणाले, “अगंबाई, केवढंसं आहे हे!” यावर हे म्हणाले, “आता सगळं लहानच होत चाललंय, मोबाइल नाही का झाले.” आणि मी मान डोलावली.

मान डोलावली! दरवर्षी नववीच्या पोरांना विचारायचे मी, भर दुपारी एका चौरस मीटरवर किती ऊन पडतं? साधारण 1000 वॉट. चांगल्यातलं चांगलं पॅनल त्यातलं वीस-बावीस टक्के वीज करणार. वहीएवढं पॅनल, 26 बाय 17 सेंटिमीटर, म्हणजे 442 चौरस सेंटिमीटर. त्यावर पडणारं ऊनच 44 वॉट. त्यातून निघून निघून नऊ वॉट निघतील. 20 वॉट काय आभाळातून आणणार होता तो? हा हिशोब मला झोपेत येतो. पण मागे 20 वॉट छापलेलं चकचकीत स्टिकर होतं, आणि छापलेल्यावर आपला फार विश्वास. पट्टी घ्या आणि पॅनल मोजा. विकणारा लांबी-रुंदी सांगत नसेल तर फोन ठेवून द्या.

त्यात गंमत अशी, की कॅमेऱ्याला 20 वॉट लागतच नाहीत. दिवसभर तो झोपलेला असतो, तेव्हाची वीज नगण्य. उन्हात दक्षिणेकडे तोंड करून बसवलेलं पाच-सहा वॉटचं प्रामाणिक पॅनल आणि खरी बॅटरी असती तर भागलं असतं. (सागाच्या सावलीत बांधाल तर 50 वॉटचंही बांधून उपयोग नाही.)

बॅटरीचा डबा मात्र चांगला जड होता. जड म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. नंतर फोडला. आत मोबाइलच्या पॉवर बँकेत असतात तसे तीन गोल सेल, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली वाळू. नर्मदेची की कुठली, देव जाणे. असा एक सेल 2,600 एमएएचचा धरला तर 12 व्होल्टसाठी तीन सेलांची एक माळ, आणि 20,000 साठी अशा आठ माळा, म्हणजे 24 सेल लागतात. एक सेल 45 ग्रॅमच्या आसपास, तेव्हा नुसते सेलच किलोच्या वर भरले पाहिजेत. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर अख्खा डबा वाळूसकट 640 ग्रॅम. काटा घरात होता. मी त्यावर रवा मोजते.

आणि कंट्रोलर? त्या डबीत एक हिरवा दिवा आणि आरपार गेलेली वायर. बॅटरीकडे जाणारी वायर तर नुसती चिकटवलेली होती. पॅनल थेट कॅमेऱ्याला जोडलेलं! ज्याला 12 व्होल्टचं पॅनल म्हणतात ते काही जोडलेलं नसताना उन्हात 20-21 व्होल्ट दाखवतं. कॅमेरा झोपलेला, वीज ओढत नाही, म्हणजे दाब खाली उतरणारच नाही. तो सगळा त्याच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी कॅमेरा मुका. दुरुस्तीवाल्याने उघडून वास दाखवला, म्हणाला, “मैडम, ये तो सिक गया.” मल्टिमीटर माझ्या कपाटात आहे, निरोप समारंभात शाळेने दिलेला. काहीही जोडण्याआधी उन्हात धरून व्होल्ट बघायला अर्धं मिनिट लागतं.

दिलेल्या पत्त्यावर गेले तर तिथे पंप-मोटारीचं दुकान. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “आप इस महीने की चौथी हो.” चौथी! मग आधीच्या तिघांनी तक्रार नाही केली? केली असेल. ती कुठे मुरते ते मला पुढे कळलं.

पहिल्या ठाण्यात विचारलं, खेत कहाँ है? सिमरोलच्या पुढे. मग तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे म्हणाले, पैसे घरातून पाठवलेत ना, मग इंदूरला जा. मी म्हटलं, 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. तर साहेब म्हणाले, “माताजी, आप टीचर थीं क्या?” आणि मग खुर्ची पुढे ओढून विचारतात काय, तर बिबट्याचा फोटो आहे का! मोबाइल चार जणांत फिरला. एकाने बिबट्या स्वतःला फॉरवर्ड करून घेतला. माझा अर्ज टेबलावर तसाच, त्यावर चहाचा कप. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्ली सुट्टीवर.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. दुसऱ्या एका दफ्तरात म्हणाले, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, हा तर ‘क्वालिटी का मामला’. वाळू म्हणजे क्वालिटी! एका कारकुनाने तर मलाच दरडावलं, जंगलात कॅमेरा लावायची परवानगी होती का? अहो, माझं शेत, माझी विहीर. तीन आठवडे, सात चकरा, आणि हातात एक कागद नाही. तो चोर निदान “ताई” तरी म्हणत होता.

माझीही चूक आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर मी फोन केला एकोणिसाव्या दिवशी. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच तासात करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी तोवर त्या माणसाला मेसेज पाठवून “भाऊ, बदलून द्या” म्हणत बसले होते. चॅट पुसू नका. माल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दुसरं किट मी फोडलेलंच नाही, पुरावा म्हणून टेपसकट ठेवलंय. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. समोरचा पत्ताच खोटा, तेव्हा नोटीस कोणावर बजावतील कोण जाणे, पण जाणार.

काल बटाईदाराचा फोन आला. विहिरीजवळ परत पंजे उमटलेत, या वेळी लहान पंजेही सोबत आहेत. विचारत होता, “मैडम, कैमरे में कुछ आया क्या?”