कोड शोधायला काय वापरायचं: गिटहब सर्च, सोर्सग्राफ, डेबियन कोड सर्च की सरळ क्लोन करून ग्रेप?

कुठलं टूल भारी असं विचारण्याआधी एकच बघा, तुमच्या हातात काय आहे. एररची अख्खी ओळ आहे, फंक्शनचं नाव आहे, की नुसतं "हे कसं करतात बुवा" एवढंच आहे? आणि दुसरं, प्रोजेक्ट कुठला ते माहीत आहे का? या दोन गोष्टींवर निम्मी निवड आपोआप होते.

प्रोजेक्ट माहीत असेल तर वेबवर घुटमळू नका, रेपो (गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमधला प्रोजेक्टचा साठा) क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घ्या, आणि रिपग्रेप मारा, म्हणजे फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचा वेगवान भाऊ. फास्ट आहे, नेट लागत नाही, आणि तुम्ही जी आवृत्ती वापरताय त्याच टॅगवर (त्या आवृत्तीच्या खुणेवर) जाऊन शोधता येतं, जे वेबवरच्या बऱ्याच सर्चमध्ये जमतच नाही. एक गोची मात्र आहे, रिपग्रेप गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीतल्या) आणि लपवलेल्या फाइली स्वतःहून वगळतो. मी एकदा एका कॉन्फिगच्या नावामागे अर्धा दिवस घालवला, सापडेचना, मग कळलं की ती फाइल बिल्ड करताना तयार होते आणि इग्नोरच्या यादीत बसलीये. तेव्हापासून काही सापडलं नाही की आधी इग्नोर बंद करून परत शोधतो आणि मगच डोकं खाजवतो. गिट ग्रेपही चालतो, पण तोही जे ट्रॅक होतंय तेवढंच बघतो. आणि "ही ओळ कधी आली, कोणी काढली" असा प्रश्न असेल तर गिट लॉगचा मोठ्या एसवाला ऑप्शन (-S) वापरा, तो ती स्ट्रिंग, म्हणजे तो मजकूर, ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली किंवा गेली तेवढेच कमिट दाखवतो. फक्त क्लोन करताना डेप्थ एक, म्हणजे फक्त शेवटचं कमिट, दिली असेल तर इतिहासच आलेला नसतो, मग कसला लॉग न कसलं काय.

प्रोजेक्टच माहीत नसेल, म्हणजे "ही लायब्ररी लोक प्रत्यक्षात कशी वापरतात" असं बघायचं असेल, तेव्हा वेबवरची सर्च इंजिनं कामाला येतात. गिटहबचं नवं कोड सर्च २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, रस्टमध्ये लिहिलेलं आहे, रेजेक्स (मजकुराचा साचा देऊन शोधणं) चालतो, भाषा आणि पाथ लावून गाळता येतं, एखाद्या नावाची व्याख्या नेमकी कुठे आहे तेही शोधता येतं. पण लॉगिन लागतं, फक्त डीफॉल्ट ब्रांच (रेपोची मुख्य शाखा) बघतं, ३५० केबीच्या वरच्या फाइली सोडून देतं आणि निकालही मोजकेच दाखवतं. म्हणजे इथे सापडलं नाही याचा अर्थ कुठेच नाही असा काढू नका. जुन्या रिलीज ब्रांचमधला कोड हवा असेल किंवा डिफमध्ये (कमिटमध्ये नेमकं काय बदललं त्यात) शोधायचं असेल तर सोर्सग्राफ बरं. त्यांनी २०२४ मध्ये स्वतःचा कोड लोकांना दाखवणं बंद केलं, ओपन सोर्स शोधायला बंद टूल ही जरा गंमतच, पण पब्लिक सर्च चांगलं आहे हे मान्य करावं लागेल. ग्रेप डॉट अ‍ॅप या सर्च साइटला लॉगिन नको, घाईच्या वेळी मस्त, फक्त गिटहबवरचे सगळे रेपो त्यात असतील असं धरून चालू नका.

आणि डेबियन कोड सर्च, हे माझं लाडकं. यात डेबियन या लिनक्सच्या अनस्टेबल, म्हणजे सतत नव्या होणाऱ्या आवृत्तीतल्या पॅकेजेसचा सोर्स आहे, म्हणजे लोक खरंच वापरतात असा कोड, कोणाचे गृहपाठ नि अर्धवट फोर्क (दुसऱ्याच्या रेपोच्या कॉपी) नाहीत. सी मधलं एखादं आडवळणाचं फंक्शन कोण कोण वापरतं ते इथे बघावं. पण जावास्क्रिप्टमधली कालपरवाची लायब्ररी शोधायला इथे आलात तर हात हलवत परत जाल.

आतली पद्धत यातल्या बऱ्याच जणांची जुनीच आहे. गुगलचं कोड सर्च २००६ मध्ये आलं, २०१२ च्या जानेवारीत बंद पडलं, आणि त्याच महिन्यात ते बनवणाऱ्या रस कॉक्सने ते कसं चालायचं ते सविस्तर लिहून ठेवलं. कोडचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून इंडेक्स बनवायचा, तुमच्या रेजेक्समधले तुकडे ज्या फाइलीत असतील तेवढ्याच उघडून तपासायच्या. म्हणून तुमच्या पॅटर्नमध्ये सलग तीन ठरलेली अक्षरं तरी असू द्या, नुसते ठिपके आणि चांदण्या टाकल्या तर ते काय शोधणार.

एररवरून शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे अख्खी ओळ पेस्ट करणं. त्यातलं फाइलचं नाव, आकडे हे प्रोग्रॅम चालताना भरले जातात, कोडमध्ये त्या जागी पर्सेंट एस वगैरे असतं, तेव्हा मधला न बदलणारा तुकडाच घ्या. मेसेज भाषांतरित असेल तर आधी पीओ फाइलीत (भाषांतरांच्या फाइलीत) मूळ इंग्रजी वाक्य गाठा आणि ते शोधा. स्ट्रिंग दोन ओळींत तोडलेली असली तरी ग्रेप हरतो, लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये म्हणूनच लिहून ठेवलंय की युजरला दिसणारे मेसेज तोडू नका, ग्रेप करता आले पाहिजेत. कर्नलसाठी बूटलिन कंपनीचं एलिक्सिर हे वेब टूल बेस्ट, आवृत्ती निवडा, नाव टाका, व्याख्या आणि वापर दोन्ही समोर. पण पूर्ण नावच लागतं, अर्धवट शब्द किंवा मेसेज टाकून तिथे काही मिळत नाही.

डॉक्सचं, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांचं, वेगळं. तिथे शब्द जुळला तरी आवृत्ती जुळत नाही ही खरी कटकट, साधं वेब सर्च कधीकधी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पार जुन्या पानावर नेऊन सोडतं, नशीब की त्यांच्या पानावर वरच इतर आवृत्त्यांच्या लिंक असतात. रोज तीन-चार भाषांत काम असेल तर डेव्हडॉक्स किंवा झील ही डॉक्स चाळायची टूल्स घ्या, दोन्ही ऑफलाइन चालतात, फंक्शनचं नाव अर्धं टाइप केलं तरी पुरतं. पण "हे का असं आहे" याला ते उपयोगी नाहीत, तिथे सरळ कोड उघडावा लागतो किंवा कमिटचा मेसेज. हॅस्केल भाषावाल्यांची मात्र चैन आहे, त्यांच्या हूगल सर्चमध्ये नाव माहीत नसलं तरी नुसता टाइप (फंक्शन काय घेतं, काय देतं ते) टाकून फंक्शन सापडतं. आणि स्फिंक्सवर (डॉक्स बनवायच्या टूलवर) बनवलेल्या डॉक्समध्ये सर्चच्या डब्याने दगा दिला तर इंडेक्सचं पान आहे का बघा, पायथॉनच्या डॉक्सना आहे, तिथे सगळी नावं अक्षरवार लावलेली असतात आणि डोळ्यांनी चाळत गेलात तरी बऱ्याचदा लवकर सापडतं.