काळ्या रंगाखाली लपवलेली 'डीपी' : स्वस्त थ्री नॉट थ्री घेणाऱ्यांनी वाचा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या मिलिटरी रायफलींचा नाद आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथे ओहायोत एका गन शोमध्ये (बंदुकांच्या विक्रीमेळ्यात) मला एक इशापूरच्या भारतीय कारखान्यातली थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ ची ली एनफिल्ड रायफल, विकण्यात आली, ती मुळात गोळी झाडायची रायफलच नव्हती, कवायतीची होती, आणि विकणाऱ्याला ते चांगलं माहीत होतं. पैसे गेले त्याचं एक वेळ सोडून देतो, पण ती रायफल कुणी खांद्याला लावून झाडली असती तर डोळे गेले असते, म्हणून सगळं डिटेलमध्ये सांगतोय.

आधी थोडं बॅकग्राउंड. एकेकाळी इथे सरप्लस, म्हणजे लष्कराने काढून टाकलेली, रायफल म्हणजे रशियन मोसिन नागान, शंभर डॉलरच्या आत मिळायची, लाकडी खोक्यांत भरून यायच्या. ते दिवस गेले, आता मोसिनलाही तीनचारशे मोजावे लागतात. मग आपला भारतीय माणूस साहजिकच ली एनफिल्डकडे वळतो, कारण ती आपल्या ओळखीची. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं हीच होती, २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती, एनसीसी केलेल्या प्रत्येकाने हिचं वजन सोसलंय. आमचे आजोबा तर मराठा लाइट इन्फन्ट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. भारतात .३०३ प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेला आकार, सामान्य माणसाला लायसन्स मिळायचा प्रश्नच नाही, त्यामुळे इथे ती टेबलावर दिसली की हात पुढे जातोच.

टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाचसहा रायफली, माणूस साठीच्या आसपासचा, बोलायला एकदम गोड. दुकानदार नाही, स्वतःचं कलेक्शन विकतोय असं म्हणाला. रायफलीचा दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या सॉकेटवर मुकुट, जीआरआय (ब्रिटिश राजाची आद्याक्षरं), इशापूर, १९४३, एमके थ्री स्टार हे मॉडेल, सगळं बरोबर. मी आजोबांचा विषय काढला आणि तिथून त्याची गाडी सुटली, ही इटलीतच गेली असणार, तुझ्या आजोबांच्याच रेजिमेंटची असेल कशावरून नाही, वगैरे वगैरे. किंमत साडेतीनशे, म्हणजे बरी रायफल मिळते त्यापेक्षा बरीच कमी, आणि कारण विचारलं तर म्हणाला दस्त्याला चीर आहे आणि रंग नवीन मारलाय म्हणून. बोल्टच्या (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) हँडलमागचा नंबर आणि रिसिव्हरचा (रायफलीच्या मुख्य सांगाड्याचा) नंबर त्यानेच बोट ठेवून जुळवून दाखवला. बोल्ट नीट बंद होतो का ते तपासायचा गेज आहे का विचारलं तर घरी राहिला म्हणाला, आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखवून मग पैसे देतो म्हटलं तर म्हणाला मागे दोघे उभे आहेत, आत्ता घ्यायची तर घे. तसे दोघे खरंच उभे होते, नंतर कळलं की ते त्याच्याच बरोबर आलेले.

गनस्मिथकडे नेली तेव्हा त्याने सगळ्यात आधी वास घेतला. खरंच, वास. म्हणाला रंग ताजा आहे. कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये बुडवून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या भागाच्या) वरच्या बाजूला घासायला लागला, आणि काळा थर निघाल्यावर खाली धातू घासून सपाट केलेला दिसला, आजूबाजूला जुना मळकट रंग आणि मध्येच हा चकचकीत पट्टा. तिरका उजेड टाकला तर त्या पट्ट्यात डी ची पोटाकडची गोलाई आणि शेजारी पी ची उभी रेघ पुसट दिसत होती. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. मग त्याने खालचं लाकूड उतरवलं आणि चेंबरच्या पोटाला एक गोल टिकली दिसली, साधारण पेन्सिलीच्या जाडीची, भोक पाडून नंतर वेल्डने बुजवलेलं आणि फाइलने घासून गुळगुळीत केलेलं. वरून कधीच दिसलं नसतं.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लष्करात रायफल झिजली, तडा गेला, हेडस्पेस (काडतुसाच्या बुडासाठी बोल्टसमोर राहणारी जागा) बिघडली, म्हणजे झाडायला लायक राहिली नाही की तिला कवायतीसाठी काढतात, तिच्यावर जागोजाग डीपी ठोकतात, काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनचं टोक तोडतात, काहींना चेंबरमध्ये भोकच पाडतात, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा काडतूस घालू नये. एनसीसीत परेडला आपण ज्या घेऊन उभे राहायचो त्या ह्याच, फायरिंगला पॉइंट टू टू वेगळी मिळायची. डीपी रायफल डीपी म्हणून विकली तर त्यात काहीच गैर नाही, भिंतीवर लावायला छान आहे. पण खूण घासून काढून, भोक बुजवून, चालू रायफल म्हणून विकणं हा शुद्ध गुन्हा आहे असं माझं मत आहे. .३०३ च्या काडतुसाचं प्रेशर पंचेचाळीस हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) घरात जातं, आणि ते सगळं त्या बुजवलेल्या टिकलीवर येणार होतं, जिच्या बरोब्बर खाली डावा हात असतो.

बोल्टची तऱ्हा वेगळीच. डीपीचा मूळ बोल्ट निकामी असतो म्हणून त्याने दुसऱ्या कुठल्यातरी रायफलीचा बोल्ट बसवलेला, त्यावरचा नंबर घासला आणि माझ्या रिसिव्हरचा नंबर त्यावर नवा ठोकला. सेकंडहँड गाडीचं मीटर मागे फिरवतात ना, तसला प्रकार. गनस्मिथने भिंगातून दाखवलं, मूळ फॅक्टरीचा आकडा जुन्या रंगाखाली बसलेला असतो, कडा झिजून गोल झालेल्या असतात, आणि ह्या आकड्यांच्या कडा वर आलेल्या, बोटाला लागत होत्या, शिवाय ४ ची ठेवण रिसिव्हरवरच्या ४ पेक्षा वेगळी. ली एनफिल्डची हेडस्पेस काडतुसाच्या रिमवर (बुडाच्या कडेवर) मोजतात, ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला पाहिजे आणि ०.०७४ च्या फील्ड गेजवर अजिबात बंद व्हायला नको. माझ्या रायफलीत ०.०७४ चा गेज घातला आणि बोल्ट एका बोटाने खाली गेला. गनस्मिथने गेज काढला, बोल्ट बाहेर काढून वेगळा ठेवला आणि म्हणाला हा आता परत आत जाणार नाही.

विकणाऱ्याचा नंबर दोनदा लागला, पहिल्यांदा म्हणाला विकलेला माल परत नाही, नंतर फोन बंद. पोलिसांकडे गेलो तर खाजगी व्यवहार आहे, कोर्टात जा म्हणाले. पावती नाही, कारण इथे एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांत व्यवहार झाला तर बऱ्याच राज्यांत कागद लागत नाही, आणि ह्याच फटीत ही माणसं धंदा करतात. लायसन्सवाल्या डीलरकडून घेतली तर फॉर्म ४४७३ भरावा लागतो, बॅकग्राउंड चेक होतो, कटकट वाटते, पण निदान दुकान उद्या तिथेच असतं, मालकाचं नाव माहीत असतं. मी तर आता म्हणेन शंभर डॉलर जास्त द्या पण तिथूनच घ्या. आणि गन शोच्या आयोजकांना मी सगळे फोटो आणि गनस्मिथचं लेखी दिलंय, ते बघतो म्हणालेत.

अजून एक, हे आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. एच वन (नोकरीच्या) किंवा एफ वन (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक घेता येत नाही, जवळही ठेवता येत नाही, शिकारीचं व्हॅलिड लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने चालतं, मग राज्याचे नियम बघा. गन शोमधला खाजगी माणूस व्हिसा विचारणार नाही, त्याला विकायचंय, पण उद्या काही झालं तर इमिग्रेशनची भानगड तुमच्या गळ्यात, त्याच्या नाही.

बघताना काय बघायचं ते सांगतो. जुन्या रायफलीवर नवाकोरा जाड काळा रंग दिसला तर तो का मारलाय ते विचारा, इशापूरच्या रायफली पुढे भारतातही रंगवल्या जायच्या, त्यामुळे रंग असणं वाईट नाही, ताजा असणं वाईट. लाकडावर पांढऱ्या पट्ट्याचे (कवायतीच्या रायफलीची खूण) अवशेष दिसतात का, दस्त्यावर ठोकलेल्या अक्षरांची जागा खरवडलीये का ते बघा. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू दिसला तर घाबरू नका, तो इशापूरने मजबुतीसाठीच घातलेला असतो. पुढच्या भागाला तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली, तिने फार ताण सोसलेला असतो, मी तरी झाडायला घेणार नाही. फायरिंग पिनचं टोक बोल्टच्या तोंडातून गोल आणि पूर्ण बाहेर येतंय का बघा. आणि चेंबरची खालची बाजू लाकूड उतरवल्याशिवाय कळत नाही, म्हणून लाकूड उतरवू देत नसेल, गनस्मिथपर्यंत थांबायला तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असो, टेबलापासून सरळ पुढे चालायला लागा.

ओहायोत किंवा शेजारच्या राज्यांत कुणी एखादी इशापूर बघत असेल तर बोल्टच्या हँडलमागचा नंबर, रिसिव्हरचा नंबर आणि चेंबरची जागा ह्यांचे जवळून काढलेले फोटो मला पाठवा, मी गनस्मिथला दाखवून काय ते कळवतो, तोपर्यंत पैसे देऊ नका.