रेड घेऊ की ब्ल्यू? रात्री गेम, दिवसा टायपिंग

एमजी रोडला एका दुकानात दोन्ही कीबोर्ड शेजारी ठेवून अर्धा तास खडखड करत बसलो, दुकानदार वैतागला शेवटी. दिसायला सेम, फरक स्विचचा, म्हणजे प्रत्येक कीखाली जे छोटं बटण असतं त्याचा. चेरी कंपनीच्या ब्ल्यू स्विचमध्ये की साधारण 2.2 मिमी दाबली की टक्क आवाज येतो आणि बोटाला छोटासा अडथळा लागतो, म्हणजे अक्षर उमटलं हे न बघता कळतं. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर मराठी टाईप करतो, डावीकडे स्वर उजवीकडे व्यंजनं, शिफ्ट सारखं लागतं, क्ष म्हणजे शिफ्ट आणि 7, तर तिथे हा टक्क खरंच कामाला येतो.

पण रात्री एकला धाकटा भाऊ व्हॅलोरंट खेळायला बसला की तोच आवाज पलीकडच्या खोलीत आईपर्यंत, मग "अरे झोपा आता" सुरू! रेड सरळ खाली जातो, ना टक्क ना अडथळा, 2 मिमीला की लागते, भराभर दाबायला हलका. फक्त बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं, पहिला आठवडा माझं "आहे"चं "आहेे" होत होतं.

माउसचं फार डोकं लावलं नाही, 1000 हर्ट्झवाला वायरचा घेतला, साध्या 125 हर्ट्झवाल्याचा कॉम्प्युटरला दर 8 मिलिसेकंदांनी सिग्नल जातो, याचा दर 1 मिलिसेकंदाला.

कीबोर्ड रेडच घेतला, हॉट-स्वॅपवाला, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतात. शिफ्टखाली मात्र दोन ब्ल्यू बसवलेत, आईला अजून कळलेलं नाही.