लॉफ्ट बेडच्या तळाला पेगबोर्ड : दिसायला उत्तम, पण कडेची फट हवीच

घरी बनवलेल्या लॉफ्ट बेडखाली, म्हणजे उंचावर बांधलेल्या पलंगाखाली, अभ्यासाचे टेबल मांडले की डोक्यावर पट्ट्या, स्क्रूची टोके आणि गादीचा तळ सतत दिसत राहतो. तो झाकण्यासाठी मी साधा प्लायवूड टाळून पेगबोर्ड, म्हणजे अवजारे टांगण्यासाठी मिळणारा छिद्रांचा हार्डबोर्ड, निवडला. झोपलेल्या माणसाच्या अंगातली वाफ गादीतून खाली उतरते; तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर गादीचा तळ दमट राहून तिथे बुरशी धरते, आणि फोमच्या गादीत हा धोका अधिक असतो.

मात्र केवळ छिद्रे आहेत म्हणून हवा खेळती राहील, असे समजू नये. छिद्रे 6 मिलिमीटरची आणि एकमेकांपासून 25 मिलिमीटरवर असतील, तर बोर्डाचा जेमतेम साडेचार टक्के भागच मोकळा असतो. म्हणून 200 बाय 90 सेंटिमीटरच्या चौकटीत बोर्ड चारही बाजूंनी 2 सेंटिमीटर लहान कापला; ही कडेची फट सगळ्या छिद्रांच्या एकत्रित क्षेत्रफळापेक्षा मोठी भरते. बोर्ड पट्ट्यांना थेट न चिकटवता मध्ये 2 सेंटिमीटर जाडीच्या रिपा ठेवल्या, आणि त्या सगळ्या एकाच दिशेने बसवल्या, कारण आडव्या-उभ्या रिपांचे चौकोन झाले की हवा त्यांतच कोंडते.

बोर्डाची जाडी 6 मिलिमीटर घ्यावी. 3 मिलिमीटरचा बोर्ड स्वस्त आणि हलका असला तरी दोन रिपांच्या मध्ये झोळ धरतो. हार्डबोर्ड ओल शोषून फुगतो, त्यामुळे खाली दिसणाऱ्या गुळगुळीत बाजूइतकाच वरच्या खरखरीत बाजूलाही रंगाचा हात द्यावा, नाहीतर तो वाकतो. रंग रोलरने पातळ लावावा आणि बुजलेली छिद्रे ओल्यातच खिळ्याने मोकळी करावीत. या कामाला वेळ लागतो, पण ते टाळू नये.

दिसायला काम अत्यंत नेटके होते, आणि आकड्या अडकवून हलका एलईडी दिवा किंवा वायर टांगता येते, हा मला सर्वांत आवडलेला फायदा. जड वस्तू मात्र टांगू नयेत. धूळ छिद्रांतून थोडी खाली येतेच. ज्यांना ती अजिबात चालत नाही, त्यांनी विरळ विणीचे सुती कापड ताणून लावणे अधिक बरे. बोर्ड वॉशर घालून स्क्रूनेच बसवावा, खिळे किंवा गोंद वापरू नये, म्हणजे तो अधूनमधून उतरवून वरची धूळ पुसता येते आणि गादीचा तळही तपासता येतो.