चपडा पॉलिश, आठ महिन्यांनंतर (आणि त्या पांढऱ्या कड्याबद्दल)

परवा आत्याने वाफाळता कप बशीशिवाय थेट टेबलावर ठेवला. उचलला तर खाली पांढरंफटक कडं! आजोबांचं सागवानी टेबल, त्यावर मी दिलेले पॉलिशचे बारा हात. रात्री झोप नाही.

पॉलिशवाल्याने पीयूचा (पॉलीयुरेथेनच्या पॉलिशचा) जो आकडा सांगितला होता, त्यात नवं टेबल आलं असतं. म्हणून चपड्याकडे, म्हणजे लाखेच्या पॉलिशकडे वळलो. आधी स्वस्त पडते म्हणून तयार बाटली आणली. तीन दिवसांनीही बोट चिकटत होतं. दुकानदार म्हणे, "पावसाळी हवा आहे साहेब." बाटलीवर तारीखच नव्हती. स्पिरिटमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये) विरघळवलेला चपडा काही महिन्यांत बिघडतो, मग कडक वाळत नाही. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. सगळं स्पिरिटने पुसून काढलं आणि अर्धा किलो कोरड्या खपल्या आणल्या. लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम, रात्रभर भिजत, सकाळी गाळून मलमलीच्या बोळ्याने हात. प्रत्येक हात तासाभरात वाळतो. रंग असा मधाळ चढतो की पीयूचा काचेरी थर त्यापुढे प्लास्टिक वाटतो.

या खपल्यांवरूनच चपड्याचं शेलॅक हे इंग्रजी नाव. फ्रेंच 'पातळ खपल्यांची लाख' म्हणायचे, इंग्रजांनी त्याचंच शेल-लॅक केलं. त्यातला लॅक म्हणजे आपली लाख, संस्कृतातली लाक्षा. पांडवांच्या लाक्षागृहातली तीच. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे ती बनवतात. देशात सर्वाधिक झारखंडात होते, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीत. आजोबांच्या ग्रामोफोनच्या 78 आरपीएम तबकड्यांतही हीच लाख, दगडाच्या भुकटीत कालवलेली. पडली की तुकडे. चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकी, पाकिटावर ई904 लिहिलेली, तीही हीच. आत्या शुद्ध शाकाहारी. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

तर कडं. इथवर मी दोन तारे देणार होतो. गरम कप सोसत नसेल तर ते टेबल कसलं? पण काल फडकं स्पिरिटमध्ये बुडवून घट्ट पिळलं, जेमतेम ओलसर, आणि कड्यावरून न थांबता चार वेळा फिरवलं. कडं गेलं. थरात अडकलेला ओलावा निघून जातो, एवढंच. वर एक नवा हात मारला, तो जुन्यात असा विरघळून बसला की जोड शोधून दाखवा. पीयूला ओरखडा गेला असता तर सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. चार तारे. पाचवा त्या बाटलीने खाल्ला, हे चपड्यावर अन्यायाचं आहे हे कळतं, पण पैसे माझे गेलेत.

खपल्या अजून निम्म्या उरल्यात, डब्यात कोरड्या. सॅनिटायझरची बाटली मात्र टेबलाजवळ फिरकू देत नाही. त्यात अल्कोहोल असतं. सांडलं तर नुसतं कडं पडत नाही, पॉलिशच उतरतं.