वाळवंटी पक्षी: पाणवठ्यावर दबा की गाडीतून फेरी?

दाजीपूरच्या जंगलात चालत, आवाजामागं जाऊन पक्षी बघायची कोल्हापूरकरांची सवय जैसलमेरला उपयोगी पडत नाही. उघड्यावर उभा माणूस लांबूनच दिसतो आणि पक्षी उडतात.

पखुर्डीसाठी (कबुतरासारखा, जमिनीवर राहणारा पक्षी, इंग्रजीत सँडग्राऊज) पाणवठाच. सूर्योदयानंतर दोनेक तासांनी थवे येतात, थोडं लांब उतरतात, कानोसा घेतात, मग चालत पाण्याशी. त्यामुळं अगदी काठावर बसणं ही नेहमीची चूक. ३०-४० मीटर मागं, सूर्य पाठीशी ठेवून, थवे यायच्या तासभर आधी बसा. पिलांच्या दिवसांत नर पोटाची पिसं भिजवून पाणी नेतो. तो पाण्यात बसलेला असताना हललात, तर पिलं तहानलेली राहतात. रंगीत पखुर्डी ही जात मात्र अंधार पडताना येते.

धाविक (माळावर पळत फिरणारा पक्षी), चंडोल, माळढोक पाण्यावर अवलंबून नसतात. त्यांना गाडी बरी. इंजिन बंद, उतरायचं नाही, दुर्बीण खिडकीवर वाळूच्या पिशवीवर टेकवायची. दहानंतर जमिनीलगतची हवा थरथरते. तेव्हा दुर्बीण ६०एक्सवर (साठपट मोठं) ठेवली तर नुसता धूसर ठिपका, २०एक्सवर या.

एकच सकाळ हाती असेल तर पाणवठा. माळढोकाचा पाठलाग गाडीनंही नको.